उभी गाडी आणि बदलतं पेट्रोल

उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर २०१४ साली बनायची थांबली. कुर्ल्याची पद्मिनी त्याच्या बरीच आधी. आता या गाड्या सणावाराला काढायच्या दागिन्यासारख्या झाल्यात. फक्त दागिना तिजोरीत गंजत नाही, गाडी गंजते.

मंडळी, यात पेट्रोलचा इतिहास आहे. शिसं घातलेलं पेट्रोल देशभरात २००० साली बंद झालं. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटना त्या शिशाचाच आधार होता. तरी ते निभावलं, कारण क्वचित फिरणाऱ्या गाडीची झीज ती किती! खरी पंचाईत इथेनॉलने केली. ते हवेतलं पाणी ओढतं. टाकी आठवड्यात संपणाऱ्याला त्याचं काही नाही. सहा महिने उभ्या असलेल्या गाडीत मात्र टाकीचा पत्रा आतून गंजतो, कार्ब्युरेटरमध्ये चिकटा साचतो, जुने रबरी पाइप फुगून चिरतात.

२०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर देऊ केला, मान दिला. पण रोज चालवायला मनाई. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन, एवढ्यासाठीच रस्ता. म्हणजे मान घ्यायचा तर गाडी उभी ठेवा, आणि उभी ठेवली की हे पेट्रोल आहेच.

माझ्या मार्क टूची टाकी मी लांबच्या मुक्कामाआधी रिकामी करतो. एरवी पंधरा दिवसांनी अर्धा तास तरी फेरी मारतो. जागेवर पाच मिनिटं घुरघुरवणं वाईटच, सायलेन्सरमध्ये पाणी राहतं. ब्रेक ऑइलही ओल धरतं. दोन वर्षांनी बदलायचं, मग गाडी शंभर किलोमीटर का चालली असेना.