एक तार, तीन माल, एक बिल

डहाणू गावात आज घरापर्यंत काचेची एक बारीक तार येते. तिच्यातून टेलिफोन येतो, टेलिव्हिजन येतो आणि इंटरनेटही येते. महिन्याला बिल मात्र एकच येते. ग्राहकाला ही सोय वाटते, आणि ती सोय आहेच. आम्ही चळवळीत आलो तेव्हा मुंबईला दोन शब्द बोलायचे तर एसटीडीच्या दुकानात उभे राहून, मीटरच्या पळत्या आकड्यांवर डोळे ठेवून बोलावे लागे. तेव्हा जुने ते सोने म्हणणाऱ्यांत आमची गणना करू नये. पण तीन माल एका गाठोड्यात बांधून विकले जाऊ लागले म्हणजे गाठ कोणाच्या हातात आहे, हे पाहण्याची कामगार-चळवळीतल्या माणसाला खोडच असते.

हे तीन माल आपल्याकडे तीन वाटांनी आले. टेलिफोन १८८२ साली मुंबईत आला तो एका खाजगी कंपनीच्या हातून; १९४३ साली तो सरकारने ताब्यात घेतला. टेलिव्हिजन मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दिसू लागला. इंटरनेट सर्वसामान्यांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. टेलिफोन टपाल व तार खात्याचा, टेलिव्हिजन दूरदर्शनचा, आणि पुढे १९९० नंतर गल्लोगल्ली केबलवाल्याचा. तक्रार करायची तर तीन दारे होती. एक दार बंद मिळाले तरी दुसरे वाजवता येत असे.

तांब्याच्या जुन्या तारेचा एक गुण आज कोणी सांगत नाही. तिच्यात वीज वाहे ती टेलिफोन केंद्रातून, सुमारे ४८ व्होल्टची. केंद्रात मोठाल्या बॅटऱ्या असत. गावातले दिवे गेले तरी फोन चालू राही. पुढे २००५ साली भारत संचार निगमने याच तारेवर ब्रॉडबँड आणले: आवाज खालच्या कंपनांवर आणि माहिती वरच्या कंपनांवर, म्हणून एकाच तारेवर दोन्ही कामे होत. केंद्रापासून घर दूर असले की माहितीचा वेग मात्र ओसरत जाई. काचेच्या तारेत प्रकाश धावतो, अंतराने तो फारसा थकत नाही, आणि एकच धागा बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटता येतो. विद्या थोर आहे, यात शंका नाही. फक्त घरातल्या पेटीला घरचीच वीज लागते. दिवे गेले, घरात बॅटरी नसली, की टेलिफोन, टेलिव्हिजन व इंटरनेट तिन्ही एकदम मुके होतात.

डहाणूत याचा अर्थ काय होतो? नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी, तलासरी या बाजूला भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का चार रिश्टरच्या वर गेला. माणसे थंडीत घराबाहेर, तंबूत झोपली. अशा रात्री फोन ही चैनीची वस्तू नसते.

आता थोडे मागे जाऊ. या मुलखाने एका हाती सर्व काही असण्याचा अनुभव पूर्वी घेतला आहे. डहाणू व उंबरगाव तालुक्यांत (आजचा तलासरी तालुका हा उंबरगावचा महाराष्ट्रात राहिलेला भाग, बाकीची गावे १९६० साली गुजरातेत गेली) जमीन जमीनदाराची, पावसाळ्यातली खावटी त्याचीच, लग्नासाठी काढलेले कर्ज त्याचेच, आणि राबायचे तेही त्याच्याच शेतावर. लग्नाच्या कर्जापायी जन्मभर गहाण पडलेल्या वारल्याला लग्नगडी म्हणत. सारे व्यवहार एका वहीत असत. मजुरीबद्दल शब्द काढला तर खावटी बंद होई. खावटीचा हिशेब मागितला तर जमीन जाई. १९४५ च्या मे महिन्यात झरी येथे किसान सभेची परिषद भरली आणि शामराव व गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारल्यांनी वेठ नाकारली, तेव्हा खरे तर त्यांनी हे गाठोडे सोडवून प्रत्येक व्यवहार वेगळा मांडायला लावला: गवत कापण्याची मजुरी इतकी, ती रोख.

त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला जे घडले ते बातमीच्या मालकीचे उदाहरण म्हणून सांगतो. गोदावरीबाई येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, असा निरोप पाड्यापाड्यांतून फिरला. हजारो आदिवासी जमले. किसान सभेच्या हकिकतीप्रमाणे निरोप खोटा होता, जमीनदारांच्या माणसांनी पसरवलेला. आणि अधिकाऱ्यांच्या कानी घातले गेले ते उलटेच, की आदिवासी हल्ल्यासाठी जमले आहेत. गोळीबार झाला. जेठ्या गांगड व त्याचे चार साथी मारले गेले. पाड्यात तार नव्हती, वर्तमानपत्र नव्हते. निरोपाची वाट एकच होती. खरे-खोटे पडताळायला दुसरी वाट असती तर? असा प्रश्न आमच्या मनात दर वेळी येतो.

कंपनीचे बिल म्हणजे लग्नगड्याची वही, असे आम्ही म्हणत नाही. ग्राहक गुलाम नव्हे, त्याला दुसऱ्या कंपनीकडे जाता येते, निदान डहाणू गावात तरी. पण वहीची एक युक्ती बिलात उतरली आहे. खाते एक असल्यामुळे टेलिव्हिजनच्या रकमेवर वाद घालून ती अडवून धरली, तर मुलाच्या अभ्यासाचे इंटरनेट आणि आजीचा फोनही बंद पडू शकतो. रिलायन्स जिओने ५ सप्टेंबर २०१९ रोजी अशी जोडसेवा मोठ्या प्रमाणावर आणली, सरकारी निगमही तेच विकतो, इतरही विकतात. त्याच वर्षी १ फेब्रुवारीपासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने केबलवाल्यांना प्रत्येक वाहिनीची किंमत सुटी सांगायला लावली होती. इंटरनेटवरून येणाऱ्या सिनेमा-मालिकांचे गठ्ठे मात्र त्या नियमाबाहेर राहिले.

आणि तार ओढणारा माणूस? टपाल-तार कामगारांची परंपरा मोठी आहे. ११ जुलै १९४६ चा टपाल संप इंग्रज सरकारला जड गेला. जुलै १९६० च्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपातही हे कामगार आघाडीवर होते. १ ऑक्टोबर २००० रोजी खात्याची कंपनी झाली, तत्पूर्वी संप करून कामगारांनी पेन्शनची हमी पदरात पाडून घेतली. ३१ जानेवारी २०२० रोजी भारत संचार निगमचे सुमारे ७८ हजार कर्मचारी एका दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले, म्हणजे जवळजवळ निम्मे. 'स्वेच्छा' या शब्दावर एक निराळे व्याख्यान देता येईल. आज खांबावर चढतो तो बहुधा कंत्राटदाराचा पोरगा. तोच फोन जोडतो, तोच टेलिव्हिजन, तोच इंटरनेट. तिघांचे काम तो एकटा करतो, पगार एकाचा.

भारतनेटची तार ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याची योजना २०११ पासूनची. पण तलासरीचे गाव म्हणजे एका जागची वस्ती नव्हे, ते पाड्यांत विखुरलेले असते. कचेरीपासून शेवटच्या पाड्यापर्यंत तीन गिऱ्हाइकांसाठी खांब रोवणे कोणत्याच कंपनीला परवडत नाही. त्यासाठीच कंपन्यांच्या उत्पन्नातून ५ टक्के कापून सार्वत्रिक सेवा निधी उभा केलेला आहे. अलीकडे त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले. हा पैसा शेवटी आपल्याच बिलातून जातो. म्हणून ग्रामसभेत दोन गोष्टी लेखी मागाव्यात, असे आम्ही पाड्यांवर सांगत असतो: पंचायतीतल्या पेटीला चालती बॅटरी, आणि तार तुटली तर ती जोडणाऱ्या माणसाचे नाव व त्याच्या मजुरीचा दर कचेरीच्या भिंतीवर.