इंजिनाची ठकठक आणि शिशाचा उतारा

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मोटार चालविणाऱ्याला एका आवाजाची मोठी धास्ती वाटे. गाडी चढणीला लागली, इंजिनावर भार पडला, कीं आंतून कोणी हातोडीनें लोखंड ठोकावें तशी ठकठक सुरू होई. तिच्याकडे दुर्लक्ष केलें तर इंजिन तापे, शक्ति घटे आणि प्रसंगीं दट्ट्यालाच भोंक पडे. पेट्रोलवर चालणाऱ्या होडींत हा धोका अधिक. मोटारीला चढणीमागून उतार मिळतो. होडीच्या पंख्याला मात्र पाणी रेटण्याचें काम अखंड करावें लागतें, आणि गोंगाटांत ती ठकठक पुष्कळदां ऐकूंहि येत नाहीं.

या आवाजाचें मूळ शोधण्याच्या खटपटींतून आजचा ऑक्टेन अंक जन्मास आला. आणि त्याच खटपटीपायीं जवळजवळ शंभर वर्षें जगाच्या हवेंत शिसें मिसळत राहिलें.

इंजिनाच्या नळकांड्यांत पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण दट्ट्या दाबतो आणि मग त्यावर ठिणगी पडते. मिश्रण जितकें अधिक दाबावें, तितकें त्याच इंधनांतून अधिक काम निघतें. परंतु दाबाला मर्यादा आहे. ती ओलांडली, कीं ठिणगीपासून निघालेली ज्योत शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोंचण्यापूर्वींच तेथील तापलेलें मिश्रण आपोआप पेट घेतें, आणि त्या आघातानें धातु वाजूं लागतो. याच भयानें फोर्डच्या सुप्रसिद्ध ‘टी’ मोटारींत मिश्रण जेमतेम चौपट दाबलें जाई.

इंग्लंडांत हॅरी रिकार्डो या तंत्रज्ञानें हें कोडें हातीं घेतलें. त्याचें दोन धावांचें ‘डॉल्फिन’ इंजिन शोअरहॅम बंदरांतील कोळ्यांच्या होड्यांवर पूर्वींच चढलें होतें. पुढें दाब हवा तसा कमीअधिक करतां येईल असें एक इंजिन त्यानें बनविलें व त्यांत नाना तऱ्हेचीं इंधनें जाळून पाहिलीं. दोष केवळ इंजिनाचा नसून इंधनाचाहि आहे, आणि बेन्झॉल, टोल्युइन व मद्यार्क हे अधिक दाब निमूटपणें सोसतात, असें त्याला आढळून आलें.

अमेरिकेंत डेटन शहरीं चार्ल्स केटरिंग याच्यावर याच ठकठकीचा आळ आला होता. त्यानें बसविलेल्या विजेच्या ठिणगीमुळेंच इंजिन वाजतें, असें लोक म्हणत. त्यानें हें काम टॉमस मिजली या तरुण सहकाऱ्याकडे सोंपविलें. तांबडा रंग उष्णता लौकर शोषतो, तेव्हां रॉकेल तांबडें केलें तर तें नीट जळेल, अशी कल्पना मिजलीच्या मनांत आली. १९१६ साली त्यानें हातांशीं होतें तें आयोडीन रॉकेलांत घातलें, आणि ठकठक थांबली! मागाहून त्यानें दुसरे तांबडे रंग घालून पाहिले; त्यांचा कांहींच उपयोग झाला नाहीं. तर्क चुकला, पण प्रयोग साधला. गुण रंगाचा नसून आयोडीनचा होता. मात्र तें महाग होतें व धातूला खाई.

तेव्हांपासून एकामागून एक द्रव्यें तपासलीं गेलीं. सेलेनियम व टेल्युरियम यांचीं संयुगें गुणकारी ठरलीं. पण त्यांची दुर्गंधि प्रयोग करणाऱ्यांच्या अंगाकपड्यांना सोडीना. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजीं टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचें एक संयुग, हातीं लागलें. पेट्रोलच्या हजार भागांत त्याचा एक भागहि लागत नसे. मद्यार्काचा गुण मिजलीला ठाऊक होता. परंतु मद्यार्क पुष्कळ मिसळावा लागे, आणि तो कोणाहि शेतकऱ्याला गाळतां येण्याजोगा असल्यानें त्यावर एकाधिकार मिळविणें शक्य नव्हतें. शिशाचा उतारा स्वस्त होता व त्याचें पेटंट घेतां येत होतें. फेब्रुवारी १९२३ मध्यें डेटन येथें तें पेट्रोल विकावयास आलें. त्याचें नांव ‘एथिल’ ठेविलें. त्यांत शिशाचा उच्चारहि नव्हता.

शिसें विष आहे, हें वैद्यांना शतकानुशतकें ठाऊक होतें. ऑक्टोबर १९२४ मध्यें न्यू जर्सींतील बेवे येथील कारखान्यांत हें द्रव्य बनविणारे कामगार भ्रमिष्टासारखे वागूं लागले आणि त्यांपैकीं पांच जण मरण पावले. न्यू यॉर्क शहरानें त्या पेट्रोलच्या विक्रीस बंदी केली. मे १९२५ मध्यें वॉशिंग्टन येथें परिषद भरली. तींत हार्वर्डच्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनीं हें विष रस्त्यारस्त्यांवर पसरविण्यास स्पष्ट विरोध केला. परंतु त्यानंतर नेमलेल्या समितीनें पुढील वर्षीं बंदीस पुरेसें कारण दिसत नाहीं असा निर्वाळा दिला, आणि विक्री पुन्हां सुरू झाली. कामगारांच्या मरणाचा हिशेब कारखान्याच्या भिंतींच्या आंतच ठेवला गेला. रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांचा कोणी मांडलाच नाहीं.

याच सुमारास, १९२६ साली, ग्रॅहॅम एड्गर यानें इंधनाची मोजपट्टी आंखली. आयसो-ऑक्टेन हें सोशीक द्रव्य शंभर, आणि लगेच ठोके देणारें हेप्टेन शून्य. ज्या पेट्रोलचा अंक ९१ आहे, तें ९१ भाग ऑक्टेन व ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतका दाब सोसतें, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हां ऑक्टेन हें पेट्रोलच्या बळाचें माप नव्हे, सोशीकपणाचें आहे. जें इंजिन बेताचा दाब देतें, त्यांत चढ्या अंकाचें महाग पेट्रोल ओतून कांहीं साधत नाहीं. ज्याला चढा अंक हवा, त्याला हलकें पेट्रोल दिलें तर इंजिनाचाच घात होतो. १९४० साली ब्रिटनच्या लढाऊ विमानांना ८७ ऐवजीं १०० अंकाचें पेट्रोल मिळालें, त्याचा लाभ झाला तो इंजिनांना अधिक दाब देतां आला म्हणून.

शिशाचा हिशेब अखेर दुसऱ्याच मार्गानें निघाला. पृथ्वीचें वय मोजण्यासाठीं दगडांतील शिसें तपासतांना क्लेअर पॅटर्सन या भूरसायनज्ञाला जिकडेतिकडे मानवनिर्मित शिशाचीच भेसळ आढळूं लागली. १९६५ साली त्यानें तें जाहीर केलें. तरीहि अमेरिकेंत शिसें प्रथम हटूं लागलें तें मोटारींच्या धुरांड्यांत १९७५ पासून बसविलेल्या शोधकांसाठीं; कारण शिशानें तीं यंत्रें निकामी होत. माणसांसाठीं जें झालें नाहीं, तें यंत्रासाठीं झालें. मुंबईसह चार महानगरांत १९९५ साली, तर सबंध भारतांत २००० साली शिसेरहित पेट्रोल आलें. मोटारींसाठीं शिशाचें पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथील विक्री जुलै २०२१ मध्यें थांबली.

आणि मागें टाकलेला मद्यार्क पेट्रोलांत परत आला. भारतांत २०२५ सालापर्यंत त्याचें प्रमाण वीस टक्क्यांवर गेलें. तो ठकठक थांबवितो. पण हवेंतील पाणी ओढून घेण्याचा त्याचा स्वभाव आहे. रोज चालणाऱ्या मोटारीला त्याचा त्रास सहसा होत नाहीं. पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीच्या टांकींत मात्र तें पाणी सांठून मद्यार्कासह तळाशीं बसतें, वर उरलेल्या पेट्रोलचा अंक उतरतो, आणि हंगामाच्या पहिल्याच फेरींत इंजिन भर पाण्यांत बंद पडतें. म्हणून जाणते नावाडी हंगाम संपतां संपतां टांकी रिकामी करतात. या उताऱ्यालाहि मोल आहे. पण तें टांकीच्या तळाशीं डोळ्यांना दिसतें. शिशाचें मोल मात्र चाळीसपन्नास वर्षें कोणाला दिसलें नाहीं, कारण तें श्वासांतून वसूल होत होतें.