माग कासवाचा

वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते तेथे दक्षिण काठावर अंजनवेल आणि समोर दाभोळ. अंजनवेलला गोपाळगड आहे, दीपगृह आहे, पण कासवाला हवी तशी पुळण नाही. किनारा बहुतांशी कातळाचा. पुळण लागते ती थोडे दक्षिणेला, गुहागरला. तेथे, तसेच उत्तरेला आंजर्ले, वेळास या गावी हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी रात्री एकेकट्या वर येतात. मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, तळाशी रुंद व तोंडाशी अरुंद, असा मडक्याच्या आकाराचा खड्डा खणतात, शंभराच्या वर अंडी घालतात, वाळू लोटून पोटाने ती दाबतात आणि तासाभराच्या आत समुद्रात परततात. पुन्हा ती घरटी पाहायला त्या कधीच येत नाहीत. मागे उरतो तो वाळूतला माग, आणि तोही वाऱ्याने किंवा पुढच्या भरतीने पुसला जाईपर्यंतच.

हा माग वाचता येणारी माणसे किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या होती. ती होती अंडी काढणारी. ऑलिव्ह रिडले पाय आळीपाळीने टाकत चालते, त्यामुळे तिचा माग नागमोडी दिसतो. वाळू कोणत्या दिशेला लोटली गेली आहे यावरून चढतीचा माग कोणता आणि उतरतीचा कोणता हे कळते. पुष्कळदा कासवीण अंडी न घालताच परतते; ही फसवी खेपही ते ओळखत. मग काठी टोचून वाळू कोठे भुसभुशीत लागते ते पाहायचे. ही कामगिरी वाटते तितकी सोपी नाही. प्राणिशास्त्राची पदवी घेतलेल्या तरुणाला पहिल्या रात्री असे घरटे सहसा सापडत नाही.

चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था २००२ साली समुद्री गरुडांची पाहणी करीत असताना तिच्या कार्यकर्त्यांना वेळासच्या पुळणीवर कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. चौकशी करता कळले की बहुतेक घरटी माणसे, कुत्री आणि कोल्हे यांच्या तोंडी जातात. कायद्याने पाहिले तर हे कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे; म्हणजे अंडी काढणाऱ्यांवर खटले भरता आले असते. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग धरला. ग्रामपंचायतीला विश्वासात घेतले आणि घरटी शोधायला व राखायला त्या अंडी काढणाऱ्यांनाच बरोबर घेतले. पुढे वनविभागाने हे काम उचलले आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या इतर किनाऱ्यांवरही ‘कासवमित्र’ नेमले गेले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत शास्त्रीय निर्णय हाच होता, कारण घरटे शोधण्याची याहून खात्रीची पद्धत कोणत्याही प्रयोगशाळेकडे नव्हती.

तथापि अनुभवाला दिसत नाहीत अशाही काही गोष्टी असतात. अंडे घातल्यानंतर काही तासांतच भ्रूण कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडे उलटेसुलटे झाले तर तो मरतो. खाण्यासाठी अंडी काढणाऱ्याला हे कळण्याचे कारणच नव्हते. म्हणून घरटे हलवायचे तर त्याच रात्री, अंडी न फिरवता, आणि नव्या जागी तेवढ्याच खोलीच्या, त्याच आकाराच्या खड्ड्यात ठेवून. दुसरी गोष्ट तापमानाची. कासवात नर की मादी हे गुणसूत्रांनी ठरत नाही. उबवणीच्या मधल्या काळात वाळू किती तापली यावरून ठरते. साधारणपणे २९-३० अंश सेल्सिअसच्या वर माद्या अधिक, त्याखाली नर अधिक. पिल्लू बाहेरून पाहून नर की मादी ते सांगता येत नाही. तेव्हा कुंपण घालून केलेल्या उबवण केंद्रातून हजारो पिल्ले समुद्राकडे धावताना पाहून आनंद होतो खरा, पण केंद्र भर उन्हात असेल तर त्यांत नर किती, हे तापमापक पुरल्यावाचून कळणार नाही.

मूळ जागीच घरटे राहू द्यावे की हलवावे, या प्रश्नात मात्र पारडे पुन्हा गावाकडे झुकते. उधाणाची भरती कोठवर येते हे तेथल्या कोळ्याला किंवा भंडाऱ्याला ठाऊक असते. आपल्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. हिशेब पाऊण तास धरतो. शिक्षकांनी भरती-ओहोटीचे छापील कोष्टक घेऊन हा हिशेब महिनाभर विद्यार्थ्यांकडून ताडून पाहावा. चूक किती येते आणि कोणत्या तिथीला जास्त येते, हे पाहण्यासारखे आहे.

गावाचे ज्ञान आणि शास्त्रज्ञाचा ‘शोध’ यांचे नाते सर्वत्र इतके सरळ राहिलेले नाही. ओडिशातील गहिरमाथा हे या कासवांचे जगातील एक मोठे विणीचे ठिकाण. तेथे लाखो माद्या एकाच वेळी येतात. १९७४ साली ते शास्त्रीय जगापुढे आणले रॉबर्ट बस्टर्ड या सरीसृपतज्ज्ञाने. पण त्याआधी कित्येक वर्षे तेथून नावा भरभरून अंडी जात होती आणि त्यासाठी सरकारी परवानेही मिळत होते! मगरींच्या संवर्धनाचे सल्लागार म्हणून भारतात येण्यापूर्वी बस्टर्ड ऑस्ट्रेलियात होते. १९७० च्या सुमारास टोरेस सामुद्रधुनीतील बेटांवर तेथल्या रहिवाशांना घेऊन त्यांनी कासवपालनाचा प्रयोग चालवला होता. तो वादग्रस्त ठरला आणि पुढे गुंडाळला गेला.

त्याच सामुद्रधुनीच्या दक्षिणेला, केप यॉर्क द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर, आज वेगळा प्रयोग दिसतो. तेथेही ऑलिव्ह रिडले येते आणि तेथे तिची अंडी खातात ती रानटी झालेली डुकरे. मूळ रहिवाशांमधून निवडलेले पगारी रेंजर, सीएसआयआरओ ही राष्ट्रीय संशोधन संस्था आणि संगणकतज्ज्ञ यांनी २०२० च्या सुमारास हेलिकॉप्टरमधून किनाऱ्याची छायाचित्रे घेऊन संगणकाला माग व घरटी ओळखायला शिकवले. ज्या छाननीला महिना लागे ती काही तासांत होऊ लागली. संगणकाला शिकवण्यासाठी ‘हा माग कासवाचा, हा डुकराचा’ असे आधी कोणीतरी सांगावे लागते, आणि ते सांगणारे होते रेंजर. आपल्याकडे कासवमित्राचे काम हंगामी आहे. पावसाळ्यात तो काय करतो, हा प्रश्न संवर्धनाच्या चर्चेत अभावानेच येतो.

कोकणच्या कासविणी अंडी घालून जातात कोठे, हे मात्र किनाऱ्यावरच्या कोणालाच सांगता येत नव्हते. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी वेळास, आंजर्ले व गुहागर येथील पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे चिकटवली. पहिलीचे नाव ‘प्रथमा’. कासव श्वासासाठी वर आले की यंत्र हवेत येते आणि तेव्हाच संदेश जातो. २०२३ साली गुहागरला आणखी दोघींना यंत्रे लावली. त्यांतली ‘बागेश्री’ किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला गेली आणि श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली.

यंत्रे काही महिन्यांत बंद पडतात. त्यापेक्षा फार जुने आणि स्वस्त साधन म्हणजे वल्ह्यासारख्या पायाला अडकवलेला धातूचा क्रमांकित बिल्ला. २७ जानेवारी २०२५ रोजी गुहागरच्या पुळणीवर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर असा बिल्ला आढळला. क्रमांक ०३२३३. तो मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने लावला होता. म्हणजे पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे अगदी वेगळी असतात, असे धरून चालता येणार नाही. ती जन्मली कोठे, हे बिल्ला सांगत नाही. त्यासाठी दोन्ही किनाऱ्यांवरच्या कासवांचे जनुकीय नमुने जुळवून पाहावे लागतील, आणि ते घ्यायला हिवाळ्याच्या रात्री पुळणीवर माग काढत कोणीतरी हिंडत असावे लागेल.