फुलाला मंजुरी

जे गाव बियाण्यावर मोठं झालं, त्या गावात 'झाडाला फूल येऊ द्यावं की नाही' असा प्रश्न पडावा, हे म्हणजे पंढरपुरात राहून विठोबाचा पत्ता विचारण्यासारखं आहे. आमच्या जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको काढली आणि पुढे गावाचं नाव बियाण्यासाठी झालं. इथे फूल म्हणजे बी आणि बी म्हणजे बँकेतला भरणा! अशा गावात माझ्या भाच्याने पुण्याहून माशा खाणाऱ्या झाडाची कुंडी आणून दिली. नाव व्हीनस फ्लायट्रॅप. त्यातून फुलाचा दांडा वर आला तशी जाणकार मंडळी म्हणाली, "कापून टाका. फुलापायी झाडाची ताकद जाते." आमची ही म्हणाली, "अहो, कळीला कात्री लावायची?"

मी पडलो कॉमर्सचा. कर्जाचा अर्ज आला की आधी पार्टीचा पूर्वेतिहास पाहायचा, ही आमची रीत. तोच काढला.

पार्टीचं मूळ गाव अमेरिकेत, दोन्ही कॅरोलिनांच्या किनाऱ्याकडची पाणथळ जमीन. माती इतकी दरिद्री, की नायट्रोजनसाठी किडे धरल्यावाचून भागत नाही. म्हणजे चैन नव्हे, वरकमाई. १७६० साली उत्तर कॅरोलिनाचे गव्हर्नर आर्थर डॉब्ज यांनी या झाडाची हकिकत पत्राने इंग्लंडला कळवली. पुढे जॉन एलिस या व्यापाऱ्याने लिनियसला लिहिलं, की हे झाड किडे खात असावं. लिनियसने सारी सृष्टी लेजरात मांडलेली. पण झाडाने प्राणी खावा ही एंट्री काही त्याला पटेना. पान लाजाळूसारखं नुसतं मिटतं आणि किड्याला मग सोडून देतं, असं त्याचं मत. झालं! प्रकरण शंभर वर्षं पेंडिंग. १८७५ साली चार्ल्स डार्विनने कीटकभक्षक झाडांवर अख्खं पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे ते निकालात निघालं.

तरी ऑडिटरची शंका उरलीच. खातं हे मान्य. पण खाऊन फायदा काय? त्याचं उत्तर १८७८ साली डार्विनच्या मुलाने, फ्रान्सिसने दिलं. त्याने ड्रॉसेराची, म्हणजे आपल्या दवबिंदूच्या भाऊबंदांची रोपं सूपच्या बशांत लावली. मधे फळी घालून निम्म्यांना भाजलेल्या मांसाचे कण भरवले, निम्म्यांना कडकडीत उपास. मोठा फरक दिसला तो फुलांत आणि बियांत. जेवणाऱ्यांनी उपाशांच्या दुपटीहून जास्त बिया धरल्या! म्हणजे ही सारी कत्तल चालली होती ती पुढच्या पिढीसाठी.

कासच्या पठारावरचा दवबिंदू तर शिल्लक म्हणून ठेवतच नाही. पावसाळ्यात उगवतो, चिकट पानांवर किडे धरतो, फुलतो, बी टाकतो की खातं बंद. त्याच्याच शेजारची 'सीतेची आसवं' पाहा. नाव केवढं सात्त्विक. पण खाली ओल्या मातीत बारीक पिशव्या लावून बाई पाण्यातले जीव गट्टम करते!

फ्लायट्रॅप मात्र मुदत ठेवीचं गिऱ्हाईक. वर्षानुवर्षं जगतं, म्हणून त्याच्यापुरता कात्रीचा सल्ला खोटा नाही. मग निकाल काय द्यावा? माझ्या मते पार्टीची ऐपत पाहावी. झाड लहान, मलूल किंवा नुकतंच कुंडी बदललेलं असेल, तर दांडा कापावा; मुद्दल वाचेल. पानं टवटवीत, सापळे घट्ट मिटणारे असतील, तर मंजुरी द्यावी. अट एकच, पाणी पावसाचं साठवलेलं द्यावं. आमच्या बोअरचं जड पाणी त्याला सोसत नाही.

बँकेत आम्ही नुसत्या माशा मारतो, असं लोक म्हणतात. पण माशा मारून जमवायचं ते कशासाठी, हा हिशेब कुठल्याच लेजरात नसतो. माझ्या वडिलांनी फंडातून उचल काढून मला बी. कॉम. केलं. दांडा कापा असं सांगणारे जाणकार तेव्हाही होतेच की! वडिलांनी ऐकलं नाही, आणि बी कसं निघालं हेही मला कधी विचारलं नाही.