परिचर्या विद्यार्थ्यांची व्यावसायिक ओळख

परिचर्या विद्यार्थ्यांची व्यावसायिक ओळख म्हणजे आपण परिचारिका किंवा परिचारक आहोत, ही जाणीव विद्यार्थ्याच्या ठायी रुजणे होय. गणवेश आणि शपथविधी ही तिची बाह्य चिन्हे. ती खऱ्या अर्थाने घडते ती रुग्णालयातील आणि गावातील प्रात्यक्षिक कार्यकाळात. भारतीय परिचर्या परिषदेच्या तीन वर्षांच्या जी.एन.एम. अभ्यासक्रमात सहा महिन्यांच्या आंतरवासितेचा समावेश आहे.

पार्श्वभूमी

रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ साली स्थापन केलेल्या पुण्याच्या सेवासदनाने ससून रुग्णालयात स्त्रियांच्या परिचर्या-प्रशिक्षणाची व्यवस्था केली. परपुरुषाच्या शरीराला स्पर्श, रात्रपाळी आणि विटाळाच्या कल्पना यांमुळे हे काम त्या काळी हलके मानले जाई. त्यामुळे विद्यार्थिनीला ही ओळख आधी घरच्यांकडून मान्य करून घ्यावी लागे.

मावळातील परिस्थिती

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग मावळ तालुक्यातून जातात. त्यामुळे लोणावळा-तळेगाव परिसरातील अपघात विभागात झटपट निर्णय आणि सहकाऱ्यांवरील विश्वास यांची कसोटी लागते. आंदर, नाणे आणि पवन मावळातील वाड्यावस्त्यांवरचा अनुभव याहून निराळा आहे. रुग्णालयात रुग्ण पाहुणा असतो, गृहभेटीत विद्यार्थिनी. पिशवी वर्तमानपत्रावर ठेवून, हात धुऊन मगच तपासणीला आरंभ करायचा, हे ती वर्गात शिकलेली असते. परंतु गरोदर सुनेचा रक्तदाब मोजण्याआधी सासूचे मन वळवणे तिला ओसरीवरच शिकावे लागते. भातलावणीच्या दिवसांत तर घरी कोणी भेटतच नाही. कातकरी आणि ठाकर वस्त्यांवर भेटीची वेळ मजुरीच्या वेळेवर ठरते. पुन्हापुन्हा गेल्यावर एखादी माता आपण होऊन बाळाचे वजन विचारते, तेव्हा विद्यार्थिनीला प्रशस्तिपत्राहून अधिक काही मिळालेले असते.

अडथळे

मनुष्यबळ कमी असलेल्या कक्षात विद्यार्थ्यांना शिकणारे न मानता जादा हात मानले जाते. शिकवलेली पद्धत आणि घाईत चालणारी पद्धत यांतील अंतर पाहून काही जण प्रश्न विचारणे सोडतात. चूक सर्वांदेखत न दाखवता बाजूला घेऊन सांगणारी वरिष्ठ परिचारिका येथे निर्णायक ठरते. 'सिस्टर' या हाकेत मुलींना आपली भूमिका सापडते; मुलांना 'ब्रदर' म्हटले जात असले, तरी प्रसूतिकक्षात त्यांना अनेकदा दाराशीच थांबावे लागते.