किती लांब? अंतर मोजण्याची जर्मन गोष्ट

जर्मनीत गावाबाहेर फिरायला गेलं की शेताच्या कडेला, रानाच्या तोंडाशी शिडी लावलेलं लाकडी मचाण दिसतं. तोच इथला होखझिट्झ. मुलं चढायचा हट्ट धरतात आणि आपण ‘नको, मालक ओरडेल’ म्हणून त्यांना ओढत पुढे नेतो. त्या मचाणावर तिन्हीसांजेला बसलेला येगर, म्हणजे इथला परवानाधारक शिकारी, समोरच्या हरणाकडे पाहत मनाशी एकच प्रश्न विचारत असतो : किती लांब?

प्रश्न साधा वाटतो, पण अंदाज चुकला तर जनावर मरत नाही, जखमी होऊन पळतं. मग शिकवलेला कुत्रा घेऊन रात्री-पहाटे त्याचा माग काढायचा. त्या शोधाला नाखझूखं म्हणतात, आणि ती शिकाऱ्याची जबाबदारीच मानली जाते. द्रोणाचार्यांनी अर्जुनाला पक्ष्याचा डोळा दिसतो का एवढंच विचारलं. अंतर विचारलं नाही. इथल्या शिकारीच्या परीक्षेत मात्र, जिला लोक गमतीनं ‘हिरवी आबिटूर’ म्हणतात, तो प्रश्न सुटत नाही.

या प्रश्नाचं उत्तर देणारी यंत्रं बऱ्याच अंशी जर्मनीतच घडली. आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं. दोन्ही डोळ्यांना दिसणारी चित्रं किंचित वेगळी असतात, आणि त्या फरकावरून मेंदू दूर-जवळ ठरवतो. पण काहीशे मीटरपलीकडे फरक इतका कमी होतो की अंदाज कोसळतो. मग डोळेच लांब केले तर? म्हणजे एका आडव्या नळीच्या दोन टोकांना आरसे किंवा प्रिझम लावून डोळ्यांमधलं अंतर मीटरभर करायचं. 1899 साली येनाच्या त्साइस कारखान्यातल्या कार्ल पुलफ्रिख यांनी असा दोन डोळ्यांचा अंतरमापक जगापुढे मांडला. दैवाची थट्टा अशी की पुढे पुलफ्रिख यांचीच एका डोळ्याची दृष्टी गेली. खोलीच्या भासाबद्दलचा जो परिणाम आज त्यांच्या नावानं ओळखला जातो, तो त्यांना स्वतःला कधी पाहता आला नाही.

हे यंत्र आधी गेलं युद्धावर. 31 मे 1916 च्या जटलंडच्या नाविक लढाईत सुरुवातीला जर्मन तोफांचा नेम ब्रिटिशांपेक्षा लवकर बसला, त्याचं श्रेय पुष्कळ जण या अंतरमापकांना देतात. मात्र ते वापरणारा माणूस चांगल्या नजरेचा लागे. ज्याला त्याला ते जमत नसे.

इकडे हेसनमधल्या वेट्झलारला लाइट्झ कंपनीत ऑस्कर बारनाक यांचा छोटा कॅमेरा 1925 साली लाइपझिगच्या जत्रेत आला. लाइट्झ आणि कॅमेरा मिळून त्याचं नाव लाइका. सुरुवातीला त्याला अंतरमापक वेगळा लावावा लागे. 1932 च्या ‘लाइका दोन’मध्ये तो लेन्सलाच जोडला गेला. फोटो काढणाऱ्याचा आणि शिकाऱ्याचा प्रश्न एकच, उत्तर देणारी कंपनीही पुढे एकच निघाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्साइसचेही दोन तुकडे झाले. 1945 मध्ये अमेरिकन सैन्यानं येना सोडताना अनेक तज्ज्ञांना बरोबर पश्चिमेला नेलं, त्यातून ओबरकोखेनची कंपनी उभी राहिली. पूर्वेत येना राहिलंच. दोघांची पुन्हा गाठ पडली ती देश एक झाल्यावर.

दरम्यान 1960 मध्ये कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर पेटवला आणि आरशांची लांब नळी मागे पडू लागली. आता कोन मोजायचा नाही, वेळ मोजायचा. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे 30 सेंटिमीटर जातो. 100 मीटरवरच्या झाडाला लागून परत यायला त्याला जेमतेम 667 नॅनोसेकंद लागतात. एवढा बारीक वेळ मोजता आला की झालं. रणगाड्यांतच फरक बघा : 1965 चा लेपर्ड एक आरशांवर अंतर काढायचा, 1979 चा लेपर्ड दोन लेसरवर. आणि 1992 मध्ये लाइकाची ‘गेओविड’ ही दुर्बीण आली, शिकाऱ्याच्या गळ्यात लेसर घेऊन. पुढे त्साइसही आपली दुर्बीण घेऊन या मैदानात उतरली.

मग जुनं यंत्र टाकून नवं घ्यावं का? माझ्या मते, मचाणावरून 60-80 मीटरवरचं हरीण बघणाऱ्यानं खिसा सांभाळावा. रायफल 100 मीटरवर बसवली असेल तर पाच मीटरच्या चुकीनं गोळी एक सेंटिमीटरसुद्धा हलत नाही. जर्मन शिकारी तर बहुतेकदा 100 मीटरवर 4 सेंटिमीटर वर लागेल अशीच रायफल बसवतात. मग दीड-पावणेदोनशेपर्यंत फारसा विचार करावा लागत नाही. पण 250 समजून 300 वर बार टाकला की गोळी जवळजवळ वीतभर खाली जाते. बव्हेरियाच्या डोंगरात तर उतारही मोजावा लागतो : 30 अंशांवर 200 मीटर दिसलं, तरी नेम धरायचा तो 173 मीटरचा. हे गणित स्वतः करणारं यंत्र तिथे कामाचं.

खोक्यावरचा मोठा आकडा मात्र चकचकीत पाटीसाठी असतो. हरणाच्या केसाळ अंगावरून प्रकाश कमी परततो, म्हणून पल्ला बराच घटतो. समोर गवत-फांद्या असतील तर पहिलं नव्हे, शेवटचं प्रतिबिंब धरणारी सोय बघावी. आणि इथली शिकार अंधुक उजेडातली, त्यामुळे काळ्या आकड्यांपेक्षा लाल उजळणारे आकडे बरे.

खरी गरज धनुष्यवाल्याला. 85 मीटर प्रतिसेकंद वेगाचा बाण 30 मीटरसाठी नेम धरून 35 वर सोडला, तर सुमारे 12 सेंटिमीटर खाली लागतो. पण जर्मनीच्या शिकार कायद्याचं एकोणिसावं कलम हरीण-रानडुकरांसारख्या खुरांच्या जनावरांवर बाण चालवायला मनाई करतं. तेव्हा इथला धनुर्धारी अंतरमापक घेऊन जातो तो रबराच्या हरणांवर नेम धरायला, नाहीतर सरळ डेन्मार्क किंवा हंगेरीची गाडी पकडतो.