कुलुपबंद विद्या आणि खुला संगणक



आपल्या अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धपूर हें महानुभाव पंथाचें प्राचीन क्षेत्र चांदूर रेल्वेच्या मंडळींस परकें नाहीं. तेराव्या शतकांत म्हाइंभटांनीं ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें तें तेथेंच. पुढें पंथाचे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले जाऊं लागले. त्यायोगें ग्रंथांचें रक्षण झालें खरें. परंतु ज्यास लिपीची किल्ली ठाऊक नाहीं, त्यास ते असून नसल्यासारखेच होते. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं त्या लिपीची उकल केली, तेव्हां हें जुनें मराठी गद्य सर्व अभ्यासकांस खुलें होऊं लागलें.

संगणकाच्या इतिहासांतहि असाच प्रश्न उभा राहिला. यंत्राचा सर्व कारभार जी आज्ञावली पाहते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. त्यांपैकीं विंडोज सर्वपरिचित आहे. पण तिची मूळ संहिता कंपनीच्या कुलुपांत असते. घेणाऱ्यानें ती वापरावी, वाचूं वा बदलूं नये. असले निर्बंध अमान्य करून अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ‘ग्नू’ हा उपक्रम जाहीर केला. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्यानें ‘लिनक्स’ हा गाभा रचून सर्वांपुढें ठेविला. दोहोंच्या मेळानें झालेली प्रणाली कोणीहि वाचावी, सुधारावी, शेजाऱ्यास द्यावी. मुख्य अट ही कीं, सुधारलेला गाभा दुसऱ्यास दिल्यास त्याची संहिताहि उघडी ठेविली पाहिजे.

या मोकळिकीचा लाभ आपल्या भाषेस झाला. कंपनीच्या मर्जीची वाट न पाहतां मुंबईच्या इंडिकट्रान्ससारख्या गटांनीं पडद्यावरील सूचना मराठींत आणिल्या. सरकारच्या सी-डॅक संस्थेनें २००७ सालीं ‘बॉस’ ही भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली काढिली. मुंबईच्या आय.आय.टी.नें तर लिनक्सचे पाठ मराठींत बोलून दाखविले आहेत.

प्रसार मंद होता, पण थांबला नाहीं. स्टॅटकाउंटरच्या गणनेप्रमाणें २०२४ च्या फेब्रुवारींत जगांतील टेबलावरच्या संगणकांत लिनक्सचा वांटा चार टक्क्यांवर गेला. भारतांत तो याहून बराच अधिक होता. पुढें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नेहमींचा आधार संपला. जीं यंत्रें नव्या विंडोजच्या कसोटीस उतरत नाहींत, तीं धडधाकट असूनहि निरुपयोगी समजलीं जाऊं लागलीं.

तालुक्याच्या शाळेस असें एक यंत्र टाकून देणें म्हणजे कित्येक मुलांचा हात कळफलकावरून काढून घेणें होय. लिनक्सवर हिशेबाच्या कांहीं आज्ञावल्या चालत नाहींत, एखादा प्रिंटरहि अडून बसतो. हें लपवूं नये. परंतु पेन ड्राइव्हवरून ती प्रणाली, जुनें कांहीं न पुसतां, चालवून पाहतां येते. तेव्हां शाळासमित्यांनीं यंत्र भंगारांत देण्यापूर्वीं एवढी परीक्षा अवश्य करावी. त्यांतून यंत्र तर वांचेलच. शिवाय तें कसें चालतें हें वाचण्याची वाटहि एखाद्या जिज्ञासू मुलास मोकळी राहील.